वीतभर बोगनवेल

शेजारच्या कचेरीच्या कुंपणावरची बोगनवेल आज सकाळी छाटली आणि फांद्यांचा ढीग नेमका आमच्या फाटकासमोर आणून टाकला. शाळेला निघताना माझं पातळ त्यात अडकलं. काटे सोडवण्यात सात मिनिटं गेली, म्हणजे पहिली घंटा गेली. संध्याकाळी परतले तेव्हा ढीग सकाळएवढा नव्हता. त्यातल्या अंगठ्याएवढ्या जाड, वाकड्या, गाठाळ फांद्या तेवढ्या नाहीशा झाल्या होत्या आणि मागच्या पडवीत ओल्या गोणपाटाखाली निजल्या होत्या. किती आहेत ते मी मोजणार नव्हते. मोजल्या. बावीस.

दर वर्षी माघात हेच होतं. पोंभुर्ण्याच्या भोवतालच्या जंगलातून कोरडा वारा सुटतो, साग उघडा पडतो, पहाटेची थंडी अंगाला चिकटलेली असतानाच दुपारी ऊन टोचायला लागतं, आणि या गावातला कोणीतरी उत्साही माणूस हातात कोयता घेऊन बोगनवेलीकडे वळतो. त्या छाटणीचा वास काही वास म्हणावा असा नसतो. हिरवट, कडवट, ओल्या कागदासारखा. पण तो आला की माझ्या कपाळावर आठी पडते, आणि पडवीत बसलेल्या आमच्या यजमानांच्या चेहऱ्यावरची आठी उलगडते. एका घरात एकाच वासाने दोन माणसांचं असं व्हावं, याला काय म्हणावं?

मला पसारा खपत नाही. घरातल्या प्रत्येक गोष्टीची यादी माझ्या वहीत असते. वाण्याची वेगळी, शाळेची वेगळी, पाहुण्यांची वेगळी. कोणतं पांघरूण कोणत्या पेटीत आहे ते मी अंधारात सांगू शकते. आणि त्याच घरात ही झाडं. झाडंसुद्धा नव्हेत, झाडांची सोंगं. वीतभर उंच, परातीएवढ्या मातीच्या उथळ ताटात उभी, शंभर वर्षांच्या वडासारखी कंबर वाकवून. त्यांना जरा भरपूर पाणी द्या, नुसती पानं काढतात. पाणी तोडा, मान टाकेपर्यंत तहानलेलं ठेवा, की मग रागावल्यासारखी जांभळीलाल होऊन फुलतात. आता हे मला आयुष्यात पटणार नाही. भरपूर द्यावं आणि भरपूर मिळावं, हा साधा हिशेब आहे. शाळेत मुलींना मी हाच शिकवते. घरात मात्र हे लाल फुललेलं उलट उत्तर खिडकीत मांडलेलं.

यातली सर्वांत जुनी झाडं अहेरीची. आणि अहेरीचा तो उन्हाळा आठवला की अजून मला कुणाला तरी रागवावंसं वाटतं. कुणाला ते ठरत नाही.

त्या वर्षी पौषात यांचा उजवा हात गेला. हे जंगलखात्यात नकाशे काढत. कोणता कप, म्हणजे जंगलाचा कोणता तुकडा, तोडायचा, कोणता राखायचा, नाला कुठून वळतो, टेकडी कुठे उतरते, सगळं बारीक निबाने, चांदीच्या तारेसारख्या रेघेत. सकाळी टेबलाशी बसले होते. मी आतून चहा आणला, तो घ्यायला हात उठलाच नाही. तोंड जरा वाकडं झालं होतं. नकाशावर शाईचा मोठा डाग पसरत होता आणि हे त्या डागाकडेच पाहत होते, माझ्याकडे नव्हे. पाय महिन्याभरात काठीच्या आधाराने चालू लागला. बोलणंही बरंचसं परतलं, फक्त ‘र’ आला की जीभ अडखळायची. उजवा हात मात्र कुणाचा तरी आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखा मांडीवर पडून राहिला.

रजा होती ज्येष्ठ संपेपर्यंत. त्याआधी चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांकडून कामास लायक असल्याचा दाखला आणायचा. दाखला मिळाला तर नोकरी. नाही मिळाला तर चाळिशीतच घरी, आणि खात्याचं क्वार्टर रिकामं. माझ्या पगारात आमचं दोघांचं भागलं असतं, तो प्रश्नच नव्हता. पण नकाशा न काढणारे हे, ही गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे येत नव्हती. बहुधा यांच्याही येत नव्हती.

मी वही केली. दुसरं काय करणार? डाव्या बाजूला वार आणि तिथी, वर आडवे रकाने: तेलाने मालीश, कोमट पाण्यात हात, कापडाचा चेंडू दाबणे, बोटं उघडणे-मिटणे. प्रत्येकाला वेळ नेमलेली. केलं की रकान्यात खूण. वही दोरीने खिडकीच्या गजाला बांधली आणि शेजारी पेन्सिल. यांनी वही पाहिली आणि म्हणाले, “छान आखलीस.” एवढंच. चेंडू दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी तो मांजरीला देऊन टाकला.

त्याच आठवड्यात चैतूभाऊ आला. चैतूभाऊ म्हणजे डाकबंगल्याचा चौकीदार, गोंड म्हातारा, काटक, कमी बोलणारा. कोणाही बाबू-साहेबाला तो अरेतुरेच करी, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नसे. डाकबंगल्यावरची जुनी बोगनवेल छपरात घुसली म्हणून त्याने ती छाटली होती. आमच्याकडे जळणाला म्हणून भारा घेऊन आला आणि अंगणात टाकला. हे काठी टेकत बाहेर आले. भाऱ्यातली एक फांदी डाव्या हाताने उचलली, उलटीसुलटी केली, आणि हात गेल्यापासून पहिल्यांदा यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

“जाळू नकोस,” हे म्हणाले. “लावायच्या आहेत.”

“इतल्या?” चैतूभाऊ म्हणाला. “बाबू, हे वेल हाये. घरावर चढते. तुले घर बुजवाचं हाये का?”

“चढू द्यायची नाही. एवढीच ठेवायची.” यांनी वीत दाखवली.

चैतूभाऊ माझ्याकडे वळला. “बाई, याचं डोस्कं बी गेलं का हातासंगं?”

मग यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला देहरादूनला शिकायला गेले होते, तिथे एका साहेबाच्या घरी खिडकीत जपानहून आणलेलं झाड होतं. हातभरही नाही, पण खोडावर सालीच्या भेगा, मुळं दगडाला कवटाळलेली. त्याला बोन्साय म्हणतात. अर्धा तास हे त्या झाडाकडे पाहत उभे राहिले होते आणि चहा तसाच राहिला होता. ही गोष्ट लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मला कधी सांगितली नव्हती. आता सांगितली, तीही चौकीदाराला.

तर आमची पडवी गेली. रॉकेलचे डबे आडवे कापून त्यांना बुडाशी भोकं पाडली. भोकांवर खापऱ्या, वर नदीची धुतलेली वाळू. फांदी वीतभराची कापायची, खालचा काप फुटव्याच्या डोळ्याच्या जरा खाली आणि तिरपा, वरचा सरळ, म्हणजे कोणतं डोकं आणि कोणते पाय ते विसरायला नको. पानं सगळी काढायची. दोन पेरं वाळूत, दोन वर. मग ओलं गोणपाट, सावली आणि वाट पाहणं. तीस फांद्या लावल्या. मी स्वच्छ सांगितलं की वहीत यासाठी जागा नाही. हे म्हणाले, “हाताचाच व्यायाम आहे. लिही की ‘बागकाम’.” मी नवा रकाना पाडला. माझी पहिली चूक.

तीन आठवड्यांनी पालवी फुटली. काय ते कौतुक! सुकल्या काठीतून तांबूस, ओलसर, मांजरीच्या कानाएवढी पानं. शेजारच्या सगुणाबाईंनी, म्हणजे फॉरेस्टगार्डच्या बायकोने, क्वार्टरांच्या आख्ख्या लायनीत सांगून टाकलं. त्याच सुमाराला यांचं उजवं मधलं बोट हललं. मी स्वतः पाहिलं. नखाएवढं हललं, पण हललं. वहीत मी ती ओळ लाल पेन्सिलने लिहिली आणि देवापुढे गूळ ठेवला.

दहा दिवसांत तीसपैकी अकरा फांद्यांची पानं गळून पडली. चैतूभाऊने एक उपटून मला दाखवली. खाली काही नव्हतं. काप जसा कापला तसाच, वाळूत काळा पडलेला.

“पानाकडं नोको पाहू, बाई,” तो म्हणाला. “काडीत रस रायते, त्याची पानं निघते. बुडाशी काई नाई. पान म्हंजे जगली असं नाई.”

मी त्याला सांगितलं की अपशकुनी बोलू नये. मी बोगनवेलीबद्दल बोलत नव्हते, आणि त्यालाही ते माहीत होतं. हे मागे उभे राहून ऐकत होते. वाळलेली फांदी घेतली, हातात फिरवली आणि टाकून दिली. मला त्याच क्षणी समजायला हवं होतं. पण मी उरलेल्या एकोणीस डब्यांना नंबर घालण्यात गुंतले होते.

यांचा डावा हात फार पुढेपुढे करतो, हे माझ्या ध्यानात आलं. घास डाव्याने, काठी डाव्याने, गुंडी डाव्याने. मग उजवा कशाला हलेल? शाळेत एखादी मुलगी डाव्या हातात पेन्सिल धरू लागली तर मी काय करते? तो हात मागे धरायला लावते. आठ दिवसांत उजवा वळणावर येतो. यांचंही तेच करायचं ठरवलं. सकाळची शाळा. सहाला मी निघत असे. निघण्यापूर्वी जुन्या पातळाच्या पट्टीने यांचा डावा हात कमरेशी बांधायचा, अकराला आले की सोडायचा. मधले पाच तास उजव्याचे.

“तुला असं वाटतं?” यांनी विचारलं.

“मला माहीत आहे,” मी म्हणाले. माझी दुसरी चूक. पण तेव्हा ती मला चूक नव्हे, वेळापत्रक वाटलं.

सगुणाबाई ओसरीवरून पाहायच्या. “बाई, नवऱ्याले बांधून जाता का वो? पळून जाईन म्हून?”

“पळायला पाय कुठे धड आहेत,” हे म्हणायचे, आणि दोघं हसायचे. मला उशीर होत असायचा.

चैत्र आला. मोहाखाली पहाटेपासून टोपल्या घेऊन बायापोरं. सगळ्या गावाला गोड, आंबूस, डोकं जड करणारा वास. वाटेवर वाळत घातलेली फुलं, त्यांवर माश्या. पुढे वैशाखात तेंदूच्या पानांची घाई, लायनीतली निम्मी घरं दिवसभर कुलूपबंद. ऊन असं की पितळी कडीला हात लावला तर फोड यायचा. त्या उन्हात एकोणीस डब्यांतल्या एकोणीस काठ्यांनी लांब, लवलवते, मूर्ख शेंडे काढले आणि त्यांना वळण लावायची वेळ आली.

वळण लावणं म्हणजे काय ते तोवर मी कुठे पाहिलं होतं? कोवळी फांदी आपल्या मनाने वर जाते. तिला खाली आणायची. एकदम वाकवली तर मोडते. रोज थोडी, बोटाच्या उबेने, थांबत थांबत. मग बांधून ठेवायची आणि विसरायची. हे म्हणाले, तार हवी. चैतूभाऊ म्हणाला, तार उन्हात तापते, साल भाजते. त्याने पळसाच्या मुळ्या ठेचून काढलेला वाख आणून दिला आणि मांडीवर तळव्याने घासून त्याची दोरी कशी वळायची ते दाखवलं. यांना ते आधी जमेना. दोन-चार दिवसांनी जमू लागलं.

आणि मला कितीतरी दिवसांनी वहीत लिहायला काहीतरी भक्कम मिळालं. ‘उजव्या तळव्याने वाख वळणे.’ यात मोजता येण्यासारखं काही होतं. अकराला घरी आले की मी पहिल्यांदा दोरी मोजायची, कोपरापासून बोटांपर्यंत. पहिल्या दिवशी दोन हात, जाडीभरडी, मध्येच सुटलेली. पंधरवड्याने चार हात. वैशाखाच्या शेवटी आठ हात, सारखी, बारीक, सुतळीसारखी. डब्यांवरचे नंबरही यांनी पुन्हा पुन्हा लिहिले. यांचे सुरुवातीचे आकडे पावसात सापडलेल्या मुंग्यांसारखे, नंतरचे सरळ. रकान्यामागून रकाना भरत चालला. शाळेला सुट्टी लागली तरी माझा प्रौढ बायकांचा वर्ग सकाळी असेच, त्यामुळे क्रम चुकला नाही. सगुणाबाईंना मी त्या वर्गात दहादा बोलावलं. त्या एकदाही आल्या नाहीत. “मले घरी काम रायते,” म्हणायच्या. कसलं काम ते नंतर कळलं.

चेंडू देऊन तो हात पाहावा असं मला एकदाही वाटलं नाही. दोरी होती ना.

मृग लागायला दोन आठवडे होते. एकदा पाऊस धरला की नदीपात्रातली वाट जाते, मोटार बंद, मग चांद्याला पोचणं कठीण. म्हणून मी जायचा दिवस ठरवला, सामानाची यादी केली, वही नीट पुठ्ठ्यात घातली. डॉक्टरांना दाखवायला याहून चांगलं काय? त्या दुपारी चैतूभाऊ आला. हे आत झोपले होते. तो पडवीत उकिडवा बसून एकेक झाड पाहत राहिला. सात नंबरच्या डब्यात एक फांदी पार खाली येऊन पुन्हा वर वळली होती. तिच्यावरचा दोरा त्याने नखाने जरा सैल केला आणि डोळ्यांजवळ नेला.

“हा दोरा कोन वळला?”

“कोण वळणार? यांनीच.”

“बाबूनं?” त्याने दोरा आणखी सैल केला. मग माझ्या हातात टोक दिलं. “पाह्य. आमची दोरी कशी रायते? इकडून तिकडं जाते पीळ. हा उलटा हाये. आमच्या गावात एकच मानूस असा वळते, माहा साळा. डेबरा हाये तो.”

“म्हणजे?”

“म्हंजे डाव्या हातानं वळला हे, बाई. सगळाच.”

मी सात नंबरचा दोरा पाहिला. मग आठचा. मग खुंटीवरची वळकटी काढली, तिच्यातली आठ हात दोरी, जी मी स्वतः मोजून वहीत मांडली होती. पीळ एकाच बाजूचा. मी चैतूभाऊच्या कमरेच्या दोरीशी ताडून पाहिलं. आरशात पाहावं तसा उलटा.

चैतूभाऊ हळूच उठला. “मी काई बोललो नाई हां,” म्हणाला आणि निघून गेला.

मी यांना उठवलं. दोरी समोर धरली. यांनी दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सुस्कारा सोडला. ओझं खाली ठेवणारा माणूस सोडतो तसा.

“कधीपासून?”

“फाल्गुनापासून.”

“हात बांधलेला असायचा!”

“सगुणाबाई सोडायची. तू यायच्या आधी पुन्हा बांधायची. तुझीच गाठ घालायला शिकली ती.”

“आणि उजवा?”

यांनी डाव्या हाताने उजवा उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. कोमट, जड, सैल. मी बोटं दाबली. उत्तर आलं नाही.

“ते एक बोट हललं होतं तेवढंच,” हे म्हणाले. “पुढं काही नाही. मला होळीच्या आतच कळलं होतं.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तुझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.”

हे रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. पण हे अगदी साध्या आवाजात म्हणाले, वाण्याकडे जिरं नाही म्हणावं तसं. मी उठले, भिंतीपलीकडून सगुणाबाईंना हाक मारली.

“तुम्ही हे केलंत?”

सगुणाबाई पदर खोचून कुंपणाशी आल्या. मला वाटलं होतं ओशाळतील. “हो, म्या सोडली गाठ,” त्या म्हणाल्या. “पयल्या दिवशी आली तं माशी बसली होती त्यायच्या डोयावर. एक हात मेलेला, एक बांधलेला. मानसाले माशी हाकलता येत नाई, बाई! मी नाई सोडन तं कोन सोडन?” मग जरा आवाज उतरवून, “रोज पाटीवर रेघा काढत होते. काढे अन् पुसे, काढे अन् पुसे. मले म्हने, बाईले नोका सांगू, तिले लई आस हाये.”

मी आत गेले आणि वहीला बांधलेली दोरी कापली.

नंतरचे आठ दिवस मी यांच्याशी बोलले नाही. कामापुरतंसुद्धा नाही. काय हवं-नको ते कागदावर लिहून ताटाशेजारी ठेवत असे. लोक म्हणतील फसवलं म्हणून राग. फसवलं याचा राग होताच. पण दुसरा राग मोठा होता. तीन महिने मी एका मेलेल्या हातापुढे खुणा करत होते, आणि जिवंत हात रोज सकाळी माझ्या हाताने बांधून जात होते. मी मोजलं सगळं, पाहिलं काहीच नाही. हा राग कुणावर काढायचा? झाडांवर काढता येईना. ती एकोणीसच्या एकोणीस जगली होती आणि सुरेख दिसत होती.

आजही मी शाळेत डाव्या हाताच्या मुलीजवळून जाते तेव्हा माझी पावलं मंदावतात. सवयीने हात पुढे होतो. मग मी तो पदराखाली घेते आणि पुढच्या बाकाकडे जाते. हे कुणी पाहत नसावं अशी आशा आहे.

चांद्याला निघालो. मोटारीत हे खिडकीपाशी, मी मध्ये पिशवी ठेवून. दर नाल्यापाशी मोटार कण्हत उतरायची, कोरड्या गोट्यांवरून खडखडत जायची, कण्हत चढायची. पहिला नाला, दुसरा, तिसरा. बोलायचं नसलं की माणूस नाले मोजतं. आष्टीला वैनगंगेच्या वाळूवर तट्टे टाकून वाट केली होती. सगळे उतरले. हे काठी रोवत चालले, मी चार पावलं मागे. वाळू भाजत होती. मध्येच हे थांबले आणि वर, नदी जिथून येते तिकडे पाहत राहिले. माणूस नोकरी गमावायला चालला आहे आणि नदीचं वळण पाहतो आहे! मी मागून काठीचा आवाज पुन्हा सुरू होण्याची वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना. डॉक्टर तरुण होते, थकलेले, बाहेर पन्नास माणसं. यांचा उजवा हात हातात घेतला, वाकवला, टाचणी टोचली. “दाबा,” म्हणाले. हे दाबू शकले नाहीत. डॉक्टरांनी कागद वाचला.

“तुमचं काम नकाशे काढायचं.”

“हो.”

“मग कठीण आहे हो. हा हात परत येईल असं मला वाटत नाही.”

“मलाही वाटत नाही,” हे म्हणाले. “मी दुसऱ्याने काढतो.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, खरं आहे का? डाव्या हाताने नकाशा काढू शकतील?”

पिशवीत वही होती. तिच्यात यातलं एक अक्षर नव्हतं. हो म्हणायला माझी जीभ उचलली होती. कुठलीही बायको म्हणाली असती.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “मी पाहिलेलं नाही.”

यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर हसले. कोरा कागद, टाक आणि दौत पुढे सरकवली. “मग दोघंही पाहू. मी इकडे नवा आहे. अहेरीहून इथवर आलात तो रस्ता काढून दाखवा.”

यांनी कागद तिरपा केला, माझ्या कल्पनेच्या उलट बाजूला. उजवा हात उचलून कागदावर ठेवला, पेपरवेटसारखा. डाव्या हाताने टाक बुडवला, दौतीच्या काठाला निथळला. आणि रेघ निघाली. थांबत थांबत, रोज थोडी वाकवावी तशी, पण कुठे मोडली नाही. रस्ता. त्याला आडवा पहिला नाला, दुसरा. जंगलाची कड. मग नदी, दोन काठ, मध्ये वाळूचे ठिपके, आणि आदल्या दिवशी उभे राहून पाहिलेलं ते वळण. डॉक्टर उठून मागे येऊन उभे राहिले. बाहेरच्या शिपायाने दोनदा डोकावलं. डॉक्टरांनी त्याला हाताने परत पाठवलं, मग खुर्चीत बसून लिहिलं, मोठ्याने वाचत: उजवा हात अधू, नेमलेल्या कामास लायक. सही केली. शिक्का मारला.

दाखला माझ्या हातात होता. परतीची मोटार दोनला होती, दीड वाजून गेला होता, आभाळ नैर्ऋत्येकडून काळवंडत होतं, आणि हे काढतच होते. डॉक्टरांनी पुढचा रोगी आत घेतला. यांना बाहेरच्या बाकावर बसवलं, कागद-दौतीसकट. मी उभी राहिले. छत्री काखेत, पिशवी खांद्याला. कागदाकडे पाहिलं.

“आष्टीच्या अलीकडचा एक नाला राहिला,” मी म्हणाले. आठ दिवसांत यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य.

यांनी वर पाहिलं नाही. टाक बुडवला. “कोरडा की वाहता? कोरडा तुटक रेघेने काढतात.”

“काल कोरडा होता.”

“आणि वळतो कुठे?”

मी पिशवी खाली ठेवली आणि बाकावर बसून बोटाने दाखवू लागले. दोनची मोटार आमच्याशिवाय गेली.